पहिल्या सीताफळाच्या बिया

माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर औषधांच्या रिकाम्या बाटल्यांची रांग आहे. प्रत्येक बाटलीत कसल्या तरी बिया आणि बाहेर चिकटपट्टीवर माझ्या अक्षरात नाव: पपई, शेवगा, अंबाडी, देशी वांगं, रामफळ. नवरा म्हणतो, हे घर आहे की दवाखाना. मी उत्तर देत नाही. रिटायर झाल्यापासून त्याच्या निम्म्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही, म्हणून आमचं बरं चाललंय. या बाटल्यांपैकी एक मी एकदा खोटी भरली. तिची ही हकिकत. कुणी विचारली नाही, म्हणून आजवर माझ्याकडेच राहिली.

मुलुंड पूर्वेला, आमच्या बिल्डिंगपासून पाच मिनिटांवर महापालिकेची बाग आहे. पुढच्या भागात चालायचा ट्रॅक, झोपाळे, व्यायामाची पिवळी-निळी यंत्रं. मागच्या कोपऱ्यात, पंपाच्या खोलीपलीकडे, वर्षानुवर्षं नुसतं डेब्रिज आणि माजलेला एरंड. आमच्या सकाळच्या चालण्याच्या ग्रुपात एक रिटायर्ड बँक मॅनेजर होते. त्यांना सगळे साहेब म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडायचं. मुलाकडे परदेशात सहा महिने राहून ते आले, ते 'फूड फॉरेस्ट' हा शब्द घेऊन. बागेच्या कोपऱ्यात खायच्या झाडांचं जंगल करायचं. वर उंच झाडं, त्यांच्याखाली झुडपं, त्याखाली अळू आणि पालेभाज्या. सगळ्यांनी राबायचं, येईल ते सगळ्यांनी खायचं. परवानगीचे कागद त्यांनी चिकाटीने मिळवले, ते श्रेय त्यांचंच. पहिल्या दिवशी त्यांनी नियम सांगितला, "इथे कुणाचं झाड असं नाही. झाड सगळ्यांचं." आम्ही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवणारे तीसेक होते. कुदळ घेऊन आले नऊ. त्यातली एक ती.

ती महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स होती, नुकतीच रिटायर झालेली. नाल्यापलीकडच्या वसाहतीत राहायची, मूळची जालन्याकडची, बौद्ध. आम्ही मुलुंडमध्ये तीन पिढ्यांचे, ऑफिसांत नोकऱ्या करणारे, स्वतःला पुढारलेले समजणारे. माझं कुदळ मारणं बघून ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, तसं नका वाकू. कंबर धरेल."

"मला शिकवू नका," मी म्हटलं.

"शिकवत नाही. नर्स आहे, सांगते."

दुसऱ्या दिवशी मला पलंगावरून उठता येईना. ती बागेत विचारत विचारत घरी आली, कंबरेला मलम चोळून गेली, आणि जाताना माझ्या बियांच्या बाटल्या बघून हसली. "किडतील ना गं सगळ्या! राख घाल त्यात थोडी." पुढच्या खेपेला तिने कागदाच्या पुडीत गोवरीची राख आणून दिली. त्या आठवड्यात आमचं अहोजाहो संपलं.

तिचा नवरा वर्षापूर्वी गेला होता. टेलिफोनच्या केबली जोडायचं काम करायचा, उभा जन्म मुंबईच्या रस्त्यांखाली गेलेला. तो सांगायचा म्हणे, मुंबईत फूटभर खाली गेलं की माती संपते, मग विटा, पाइप आणि चपला. आमच्या खड्ड्यांत अगदी तेच निघालं. प्रत्येक चप्पल वर आली की ती म्हणायची, "बघ, बोलला होता ना." मेलेल्या माणसाबद्दल ती असं बोलायची की जणू तो ऑफिसला गेलाय आणि संध्याकाळी याची खातरजमा करता येईल.

एकदा खड्ड्याच्या काठावर बसून आम्ही डबा खात होतो. मी तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी घेतली, तेव्हा तिने डबा माझ्याकडे आणखी सरकवला. मग तिने सांगितलं. नवऱ्याच्या गँगमधले लोक दुपारी रस्त्याच्या कडेला बसायचे आणि सगळ्यांचे डबे मध्ये ठेवायचे. याच्या डब्यात कुणाचा हात यायचा नाही. बोलून दाखवायचं कुणी काही नाही. एकाला भूक नसायची, दुसऱ्याचं पोट बिघडलेलं असायचं. तरी हा रोज चार माणसांचं घेऊन जायचा आणि उरलेलं परत आणायचा. "मी चिडायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, कशाला नेतोस ओझं? तर म्हणायचा, आज नाही तर उद्या खातील. खाऊ घालायची लई हौस. रिटायर झाला तरी कुणी खाल्लं नाही बघ."

मला भयंकर राग आला. त्या गँगमधल्या लोकांना मी तिथल्या तिथे चार शिव्या घातल्या. मला वाटलं, झालं माझं काम.

त्यानंतर आठवड्याभराने तिने मला डब्याबद्दल सांगितलं. दुसऱ्या डब्याबद्दल. नवऱ्याची रक्षा नदीत सोडायची नाही असं त्या दोघांनी आधीच ठरवलं होतं. तिच्या माहेरी तशीच रीत झाली होती; रक्षा आपल्या शेतात खड्ड्यात घालायची आणि वर झाड लावायचं. पाणी घाण होत नाही, आणि माणूस कामी येतो. पण तिच्या सासरची जमीन कधीच भावाभावांत संपली होती, आणि मुंबईत हिच्या वाट्याला मातीचा एक तुकडा नव्हता. वसाहतीत खाली पेव्हर ब्लॉक. एकुलती मुलगी नाशिकला, तेव्हा तीही तिसऱ्या मजल्यावर. कुंडीत घालायला तिचं मन होईना. "आयुष्यभर खड्ड्यात राहिला, आता कुंडीत कोंबू?" म्हणून एक वर्ष रक्षा स्टीलच्या कडीच्या डब्यात होती, बाहेरच्या खोलीत, बुद्धमूर्तीशेजारी.

"इथे घालू का गं?" तिने विचारलं. "सीताफळाचं रोप आहे माझ्याकडे, गावचं."

"अगं, त्यात विचारायचं काय!" मी म्हटलं. मला विचारलं याचा मला केवढा अभिमान वाटला होता, ते आठवलं की आता लाज वाटते.

आम्ही दोघी उजाडता उजाडता गेलो, चालणारे यायच्या आधी. खड्डा मीही खणला. तिने डबा उपडा केला, हाताने रक्षा आत पसरवली, हलक्या आवाजात काही ओळी म्हटल्या. मी हात जोडून उभी राहिले. मग रोप, शेणखत, पाणी. बागेच्या नळावर तिने डबा धुतला, पदराने पुसला, पिशवीत ठेवला. "कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "झाडाला फळं येऊ देत. सगळ्यांना खाऊ देत एकदा. मग सांग हवं तर, मग मला काही नाही."

एवढंच तिचं मागणं होतं. लोकांनी एकदा त्याचं काही खावं.

याच सुमारास साहेबांचा लॅब्राडॉर मेला. बारा वर्षांचा म्हातारा कुत्रा, सगळ्या ग्रुपचा लाडका. साहेबांनी माळ्याला हाताशी धरून त्याला आमच्या जंगलातच पुरला आणि वर शेवगा लावला. आम्ही सगळे फुलं घेऊन गेलो होतो. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं. शेवग्याला वर्षभरात शेंगा लागल्या आणि त्या घरोघर आमटीत गेल्या. आमच्या नवऱ्याने सहा शेंगा चोखल्या आणि म्हणाला, कुत्रं इमानी होतं.

सीताफळाने वेळ घेतला. ती जवळजवळ रोज यायची. आजूबाजूला पपया आल्या, अळू माजलं, केळीने घड टाकला, आणि त्या नऊ जणांतले चार सोडून गेले, नवीन दहा फोटोपुरते आले. तिसऱ्या उन्हाळ्यात सीताफळाला फुलं आली आणि गळून गेली. चौथ्या वर्षी तिने मुलीच्या जुन्या रंगपेटीतला ब्रश आणला. संध्याकाळी पूर्ण उमललेल्या फुलांतला पराग एका झाकणात झटकून घ्यायचा आणि सकाळी अर्धवट उघडलेल्या फुलांत ब्रशने लावायचा, असं कुठूनतरी शिकून आली होती. साठी उलटलेली बाई, चष्मा नाकावर, एकेका फुलापुढे गुडघ्यावर. मी म्हणायचे, "यार, इतकं तर सलाइन लावतानासुद्धा केलं नसशील." पाच फळं धरली. दोन गळाली. तीन राहिली, आणि पाऊस सरता सरता त्यांचे डोळे उघडायला लागले. सालीवरच्या खवल्यांमधल्या भेगा रुंद होऊन पांढुरक्या झाल्या की फळ काढायचं असतं.

पहिलं तिने काढलं ते मला आणून दिलं, घरी, दोन्ही हातांनी. "बाकीची दोन रविवारी सगळ्यांना. हे तुझं. तू खणलास ना."

ते फळ मी डायनिंग टेबलावर ठेवलं. दोन दिवसांनी ते मऊ झालं, घरात वास सुटला. नवऱ्याला शुगर, त्याला देणं शक्य नव्हतं. मी ते हातात घेतलं, अंगठ्याने सालीवर दाब दिला, आणि माझ्याने पुढे होईना.  मला तो खड्डा दिसत होता, तिचा राखेने माखलेला हात दिसत होता. मी फळ खाली ठेवलं, हात साबणाने धुतले. संध्याकाळी पुन्हा बघू म्हटलं. संध्याकाळीही झालं नाही. फ्रिजमध्ये टाकलं, तिथे ते काळं पडलं. शनिवारी नवरा म्हणाला, "खाणार नसशील तर टाक ना एकदाचं, सगळ्या दुधाला वास लागलाय." मी ते तसंच अख्खं वर्तमानपत्रात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकलं.

नंतर मी स्वतःला खूप वेळा विचारलंय, माझ्या स्वतःच्या माणसाची राख असती तर खाल्लं असतं का? माहीत नाही. आमच्या मजल्यावरच्या जोशीण-कुलकर्णिणीच्या घरातली असती तर? तेव्हा मी निदान तोडून तरी पाहिलं असतं, असं उत्तर येतं. मला हे उत्तर आवडत नाही, पण दुसरं येत नाही.

रविवारी जंगलातल्या वस्तूंचं सहभोजन होतं. कुणी अळूवडी आणली, कुणी शेंगांचं पिठलं, कुणी कच्च्या पपईची कोशिंबीर. माळ्याने सतरंज्या घातल्या. मध्ये स्टीलच्या ताटात ती दोन सीताफळं. ती इस्त्रीची पांढरी साडी नेसून आली होती आणि मागे, पंपाच्या खोलीच्या भिंतीला टेकून उभी होती. साहेबांनी फळं फोडली, दोन-दोन गर घातलेल्या कागदी बशा फिरल्या. बावीस-पंचवीस माणसं. तिने एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून ठेवलं होतं. मला तिथून ते दिसत होतं.

आणि साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, दोन शब्द बोला ना. तुम्ही पहिल्यापासून आहात."

मी दोन मिनिटं गप्प राहिले असते तरी चाललं असतं. गर जिभेवर ठेवायला किती वेळ लागतो? पण आदल्या दिवशीचं ते वर्तमानपत्रातलं बोचकं माझ्या छातीवर बसलं होतं. मला काहीतरी मोठं, चांगलं करून दाखवायचं होतं, आत्ताच्या आत्ता. मी उभी राहिले आणि बोलायला लागले. मातीबद्दल बोलले, माणुसकीबद्दल बोलले. आणि मग म्हटलं, "आज तुमच्या हातात जे फळ आहे, त्याच्या मुळाशी आमच्या सिस्टरच्या नवऱ्याची रक्षा आहे. ज्या माणसाच्या डब्यातलं कुणी खात नव्हतं, तो माणूस आज आपल्या सगळ्यांना खाऊ घालतोय."  मला वाटलं, आता सगळे रडतील.

कुणी रडलं नाही. एक बशी सतरंजीवर टेकली. मग दुसरी. कुणीतरी खोकलं. माझ्या समोरच्या एका बाईने पर्समधून रुमाल काढून बोटं पुसली, एकेक. एका लहान मुलीने गर तोंडात टाकला होता, तिच्या आईने तिची मान खाली दाबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "थुंक. थुंक आधी." मुलीने थुंकलं. बी आणि गर सतरंजीवर पडला. आईने तो कागदी बशीने झाकला.

मी मागे बघितलं तेव्हा ती भिंतीपाशी नव्हती. चालायच्या ट्रॅकवरून पाठमोरी जात होती, ना घाईने, ना हळू. मला तिच्यामागे पळायला हवं होतं. पण साहेब माझा दंड धरून विचारत होते, "खरं बोलताय तुम्ही?" आणि मी तिथेच उभी राहून "अहो, पण" "अहो, पण" करत बसले. बशा उचलल्या गेल्या. सगळं माळ्याने कंपोस्टच्या खड्ड्यात ओतलं.

दुपारपर्यंत ग्रुपवर शंभर मेसेज. बुधवारी बागेतच मीटिंग. ती आली नाही. जातीचा शब्द कुणी काढला नाही. एवढी तालीम आपल्या सगळ्यांना आहे. "आमचं काही नाही हो, पण घरात सासूबाई आहेत." "हायजिनचा प्रश्न आहे ना, मुलं खातात." "पब्लिक प्लेस आहे यार, उद्या प्रत्येकजण घेऊन येईल." "आधी विचारायला पाहिजे होतं."

"कुत्रा चालला," मी म्हटलं. "शेंगा चोखल्यात सगळ्यांनी. तेव्हा कुणी विचारलं?"

"कुत्र्याचं वेगळं," साहेब म्हणाले, आणि मला वाटतं ते त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

मग मागून एका बाईचा आवाज आला, "पण तुम्ही खाल्लंत का? तुम्हाला तर माहीत होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"खाल्लं," मी म्हटलं. "पहिलं फळ मीच खाल्लं."

खोटं इतक्या सहज बाहेर पडलं की मलाच ते खरं वाटलं. कुणीतरी ते तिच्या कानावर घातलं असणार.

ग्रुपवर मतदान झालं: झाड दुसरीकडे हलवावं का? अंगठेच अंगठे. मी काहीच दाबलं नाही, म्हणजे विरोधही नाही. ऐन ऑक्टोबरच्या उन्हात दोन माणसं आली, मुळं अर्धी तोडून झाड उपटलं आणि हायवेच्या कडेच्या एका पट्ट्यात रोवलं. पंधरवड्यात त्याचं लाकूड झालं. खड्ड्यातली माती आणि कंपोस्ट 'खबरदारी म्हणून' डेब्रिजच्या गाडीत गेलं. गाडी कुठे रिकामी झाली ते माळ्यालाही माहीत नव्हतं. मी विचारलं होतं. खड्ड्यात नवी लाल माती भरली आणि लिंबू लावलं. लिंबाला कुणाचीच हरकत नव्हती.

ती एकदा बागेत येऊन गेली म्हणे. लिंबासमोर थोडा वेळ उभी होती, मग माळ्याला विचारलं, जुनी माती थोडी मिळेल का. तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला. तो मला म्हणाला, "ताई, मला आधी सांगायचं ना, घमेलंभर बाजूला काढली असती." मला ते सुचलंच नव्हतं. मतदानाच्या दिवशी, झाड काढायच्या दिवशी, मला एकदाही सुचलं नाही. मी आपली घरात बसून लोकांच्या नावाने बोटं मोडत होते.

दिवाळीनंतर एका सकाळी ती माझ्या दारात उभी. वाळली होती. मी रडायला लागले, माफी मागायला लागले, तर तिने हाताने थांबवलं. "असू दे गं. तू चांगल्या मनानं बोललीस. तुझ्यावर राग नाही माझा." माझ्या पायाखालची फरशी सरकली तर बरं, असं झालं मला. राग असता तर मी वाचले असते.

चहा घेताना ती म्हणाली, "मी चाललेय नाशिकला, पोरीकडं. तिनं आता खाली घर घेतलंय, मागे थोडी जागा आहे." मग कप खाली ठेवून तिने वरच्या फळीकडे बघितलं. "एक मागायचं होतं. तू ते पहिलं फळ खाल्लंस. तू कशाचंच बी टाकत नाहीस. त्याच्या बिया ठेवल्या असतील ना?"

मी तिचा कप उचलून ओट्यावर ठेवला.

"राख तर गेली," ती म्हणाली. "झाडबी गेलं. पण फळ त्याच्यातनंच झालं होतं ना. म्हणजे बियांमध्ये असेल ना गं थोडा?"

"आहेत," मी म्हटलं. "आहेत ना. शोधून ठेवते. उद्या ये."

ती गेल्यावर मी चपला घालून स्टेशनकडच्या बाजारात गेले. हंगाम संपत आला होता. एका फळवालीकडे शेवटची चार-पाच सीताफळं होती, डाग पडलेली. मी त्यातलं बरं बघून एक घेतलं, घरी आले, ओट्याशी उभी राहून ते फोडलं आणि सगळं खाल्लं. अंगठा कुठे अडला नाही. गोड होतं. बिया धुतल्या, फडक्यावर पंख्याखाली वाळत घातल्या. पहाटेपर्यंत वाळल्या, पण नव्या बिया फार चमकतात, म्हणून तिनेच दिलेल्या राखेत घोळवल्या. बाटली घेतली, चिकटपट्टी लावली, लिहिलं: 'सीताफळ, पहिलं फळ'. माझं अक्षर नेहमीसारखंच आलं. नवरा दारातून बघत होता. 

ती दहा वाजता आली. बाटली उजेडात धरून बघितली, झाकण उघडून एक बी तळहातावर घेतली. मग विचारलं, "गोड होतं का गं?"

"खूप गोड होतं," मी म्हटलं.

ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "खाऊ घालायची लई हौस त्याला," ती म्हणाली. बाटली तिने पिशवीत नाही ठेवली. रुमालात गुंडाळून ब्लाउजमध्ये, छातीशी ठेवली.

आता ते रोप गुडघ्याच्या वर आलंय. ती फोटो पाठवते. एका फोटोत नात झारीने पाणी घालतेय आणि खाली तिने लिहिलंय, 'आजोबांना पाणी.' लेकीने भोवती विटांचं आळं केलंय. सकाळी उठल्यावर ती चहा घेऊन त्या रोपाजवळ बसते, त्याच्याशी बोलते, असं लेक सांगते. म्हणते, आई सावरली, तुमच्यामुळे.

मी किती वेळा फोन हातात घेतला, आज सांगून टाकू म्हणून. प्रत्येक वेळी तिचाच आवाज आधी येतो, आनंदाचा, आणि मी हवापाण्याचं बोलून ठेवून देते. सांगितलं तर तिचा माणूस दुसऱ्यांदा जाईल. नाही सांगितलं तर ती फळवालीच्या टोपलीतल्या कुठल्यातरी झाडाला पाणी घालत राहील. यातलं तिच्यासाठी कुठलं आणि माझी कातडी वाचवण्यासाठी कुठलं, हे मला कळेनासं झालंय.

मागच्या महिन्यात ती म्हणाली, "तीन-चार वर्षांत धरेल बघ. धरलं की तू यायचं. पहिलं फळ तुलाच. माझ्यासमोर खायचं या वेळी."

"येईन," मी म्हटलं.

जाईनही. समोर बसून खाईन, एक डोळा शिल्लक ठेवणार नाही. ते फळ माझ्या घशाखाली अगदी सहज उतरेल. त्याच्यात कुणी नाही, हे मला एकटीला माहीत आहे.